प्लूम शब्दाची हकीकत, तुऱ्यासुद्धा

श्री. विघ्ने हरणारा देव आणि जिव्हाग्री बसणारी देवी या उभयतांस साष्टांग दंडवत घालोन, आणि ज्या अक्षरांनी लिहिणाराच्या घराण्याचे पोट भरले त्या अक्षरांसही एक दंडवत घालोन, हकीकत लिहिली जाते. शके सतराशे चौपन्न, नंदननाम संवत्सर, श्रावण शुद्ध पंचमी, ते दिवशी या गोष्टीस आरंभ जाहला. राज्याचे नाव येथे लिहिले नाही. ज्यांस ठाऊक आहे त्यांस ठाऊक आहे, आणि ज्यांस नाही त्यांनी आपल्या आजोळच्या मुलखाचे नाव घालावे, काही बिघडत नाही. त्या राज्यी महाराज कैलासवासी होऊन नऊ वर्षे लोटली होती, पोटी संतान नाही, आणि थोरल्या बाईसाहेब कारभार पाहात होत्या, आणि गादीवर महाराजांचे पागोटे ठेविले होते, आणि पागोट्यास सोन्याचे कोंदणात बसविलेला एका पांढऱ्या पिसाचा तुरा होता, आणि दसऱ्याचे दिवशी सरदार, मानकरी, शिलेदार येऊन त्या पागोट्यास मुजरा करीत. तुरा जरा हलला तरी लोक म्हणत, महाराजांनी मान डोलविली. हसायचे असेल त्याने हसावे. पण त्या मुजऱ्यास जे उभे होते ते हसत नसत, हे खोटे नव्हे.

त्या राज्यात आणिक एक खाते होते जे हिंदुस्थानात दुसरे कोठे नसावे, त्यास शब्दखाना म्हणत. महाराजांचे तीर्थरूप मोठे चौकस पुरुष, त्यांनी तो घातला. रिवाज असा की, परमुलखीचा कोणी शब्द पत्रातून दरबारी आला आणि तो दप्तरी नसला, तर तो दाखल होईतोपर्यंत त्या पत्रास उत्तर लिहू नये. दाखल करावयाचे म्हणजे त्याचे सगळे अर्थ लिहावे, प्रत्येक अर्थास साक्ष काढावी, त्याचे कूळ कोठले ते शोधावे, आणि नमुना म्हणोन ती वस्तू पुडीत बांधून ठेवावी. नमुनाही होता होईल तो ज्या वस्तूवरून शब्द आला तीच. बटण हा शब्द आला तेव्हा टोपीकरांचे कप्तानाचे डगल्याचेच बटण तोडून घेतले, आणि तो बिचारा हाताने डगला आवळून धरीत छावणीस गेला. बिस्कुटाची पुडी मुंग्यांनी खाल्ली तेव्हा मुंग्याच पुडीत राहू दिल्या. आणि एकदा पुडी बांधून मोहोर जाहली म्हणजे ती वस्तू शब्दखान्याचे उंबऱ्याबाहेर जाऊ नये, खुद्द हुजुरांनी मागितली तरी नाही. थोरल्या महाराजांनीच वॉच शब्दाची, म्हणजे खिशातल्या घड्याळाची, पुडी एकदा परत मागितली होती, आणि तेव्हाचे शब्दनवीसांनी हात जोडून नाही म्हटले, आणि महाराज रागास येण्याऐवजी खूष होऊन त्यांस शेला देते जाहले. आणि शेवटला रिवाज असा की, राजा असो की रयत असो, ज्याने उंबऱ्यावर येऊन शब्दाचा अर्थ पुसला, त्याचे समोर पुडी सोडून वस्तू दाखवावी आणि दाखला पहिल्या ओळीपासून शेवटल्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचावा. मधली ओळ गाळू नये.

या खात्यावर निंबाजी रंगनाथ हे शब्दनवीस होते. वय साठीस टेकलेले, अंगाने काटक, नाकावर चष्मा, आणि स्वभाव असा सरळ की बायको म्हणे, यांस भाजी बिघडली आहे हेही जेवते वेळी सांगण्याची खोड आहे. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून एक खोटी ओळ दप्तरी चढली नव्हती, आणि याचा त्यांस अभिमान होता, आणि तो ते लपवीतही नसत. दरबारी त्यांस पंत म्हणत. महाराज आणि पंत एका वयाचे. महाराजांनी आपल्या हाताने त्यांस लेखणी देऊन या बैठकीवर बसविले होते.

तर त्या पंचमीस, टोपीकरांचा वकील पिकरिनसाहेब म्हणून दरबारी राहात असे, त्याचे मडमेचे पत्र बाईसाहेबांस आले. दुभाष्याने वाचून दाखविले. कुशल पुसल्यानंतर मजकूर असा की, गेल्या दसऱ्यास कैलासवासी महाराजांचे पागोट्यावर जो प्लूम पाहिला तो फार आवडला, तो आम्हांस द्यावा, आम्ही विलायतेस नेऊन काचेच्या कपाटात ठेवू आणि आल्यागेल्यास दाखवू. पत्र संपले आणि भिंतीवरची पाल चुकचुकली. मडमेस काय हवे आहे ते न समजणारा तेथे कोणी नव्हता. नाही म्हणावे तर साहेबाची मर्जी खफा होणार, आणि गादीस वारस नाही, आणि त्याने वरिष्ठांस एक ओळ लिहिली की राज्य खालसा. द्यावे तर काय द्यावे! बाईसाहेबांनी पदर सावरला, पागोट्याकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "पंत, हा शब्द आपल्या दप्तरी आहे काय?" पंत म्हणाले, "नाही, बाईसाहेब." तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या, "मग रिवाजाप्रमाणे दाखल करा. घाई नको. सगळे अर्थ येऊ द्या, साक्षी येऊ द्या, कूळ पार मुळापर्यंत जाऊ द्या. साहेबाची बदली दसऱ्यापुढे होणार, असे छावणीत बोलतात." पंत म्हणाले, "बाईसाहेब, मजकडून खोटे लिहिणे व्हायचे नाही." त्यावर बाईसाहेब अंमळ हसल्या आणि म्हणाल्या, "खोटे लिहा असे कोण म्हणाले? सावकाश लिहा. तुम्ही जेवता तसे." सदर हसली. पंत मात्र घरी जाताना हसत नव्हते.

कारण तो तुरा म्हणजे काय हे त्या राज्यात दोघांसच ठाऊक होते. लोक समजत की दिल्लीपतीने दिलेला मान असेल, नाहीतर कुठल्या लढाईत जिंकला असेल. तसे काही नव्हते. लग्न होऊन वर्षही जाहले नव्हते, बाईसाहेब पंधरा वर्षांच्या, माहेरची आठवण काढून मुसमुसत, म्हणोन महाराज त्यांस मार्गशीर्षाचे उन्हात तळ्यावर घेऊन गेले, आणि पंत नवे कारकून म्हणोन दौत घेऊन मागे. तळ्यावर उत्तरेकडचे राजहंस उतरले होते, त्यातले एक पीस काठाचे चिखलात पडले होते, आणि महाराजांनी ते उचलून पाण्यात धुतले आणि पागोट्यात खोचले आणि मान वाकडी करून म्हणाले, "आता कसा दिसतो?" आणि बाईसाहेब सासरी आल्यापासून पहिल्याने हसल्या. इतके हसल्या की ठसका लागला. महाराजांनी ते पीस पुन्हा काढिले नाही. सोनाराने कोंदण केले, भाटांनी त्यावर कवने केली, आणि चिखलातले पीस राज्याचा तुरा होऊन बसले.

मग पंत कामास लागले. साहेबाचे मुनशीजवळ विलायती छापील कोश होता, तो आणवून पाहतात तो एका शब्दाचे पोटात अर्थांचे बिऱ्हाड! पहिला अर्थ पक्ष्याचे पीस, त्यातून मोठे आणि दिखाऊ. त्याची साक्ष दोन दिवसांत जाहली. दुसरा अर्थ शिरस्त्राणावर किंवा टोपीवर लावितात तो तुरा, त्यास साहेबाचे पलटणीचा जमादार येऊन आपली टोपी दाखवून गेला. तिसरा अर्थ, पक्षी आपली पिसे चोचीने साफ करून नीट बसवितो ती क्रिया, आणि त्यावरून माणूस आपल्याच गुणांवर खूष होऊन फुगतो तीही. या अर्थास साक्ष कोण काढावी म्हणोन खल जाहला, आणि सदरेवरच्या दोन मानकऱ्यांनी एकमेकांकडे बोट दाखविले, आणि चार दिवस त्यांचे बोलणे बंद होते. चौथा अर्थ निघाला तो पक्ष्याची पिसे उपटून काढणे. पंतांनी चष्मा पुसून पुन्हा वाचिले. सजविणे त्याच शब्दाने आणि ओरबाडणेही त्याच शब्दाने! पंत मुनशीस म्हणाले, "तुमच्या साहेबाची भाषा मोठी सोयीची आहे हो." मुनशी हुशार, तो खाली पाहून पान लावीत बसला. ऐसा श्रावण सरला, आणि दर आठ दिवसांनी मडमेचा हुजऱ्या येऊन पुसे, आणि त्यास उत्तर मिळे, शब्दाचा शोध चालू आहे.

पाचवा अर्थ आला धुराचा. धूर तुऱ्यासारखा उंच निघतो त्यास ते हाच शब्द लावितात. आता नमुना तर पाहिजे, आणि धूर पुडीत कसा बांधावा? येथे पंतांची रिवाजावरची निष्ठा अशी की दुसरा कोणी असता तर सोडून देता, पण पंत तोफखान्यात गेले, आणि तेथे फरासीस जातीचा म्हातारा गोलंदाज मुसा लरू होता त्यास म्हणाले, "मुसा, एक बार काढा, आणि धूर वर चढला की ही अत्तराची कुपी त्यात धरा, आणि बूच लावा." मुसाने वेडे म्हणावे की शहाणे याचा विचार केला आणि बार काढिला. आता त्या शहरी भर दुपारी तोफ एकाच कारणाने वाजे, टोपीकरांचा वकील बदलून चालला म्हणजे. आवाज ऐकताच पेठेत एकच आनंद जाहला! कोणी म्हणे सुटलो, कोणी म्हणे देव पावला, आणि हलवायांनी दुकाने उघडून साखर वाटिली, आणि कोणी उत्साही माणूस साखरेचे ताट घेऊन साहेबाचे बंगल्यावरही गेला, आणि साहेबाने साखर खाल्ली आणि पुसले, कशाची? तेव्हा ताट तेथेच टाकून तो मनुष्य पळाला. दुसरे दिवशी साहेबाने तोफेचे कारण लेखी मागविले. पंतांनी खरे तेच लिहून धाडिले, की आपले मडमेचे पत्रातील शब्दाचा पाचवा अर्थ चालू होता. साहेबाने ते पत्र दोन वेळा वाचिले म्हणतात. कुपी मात्र दप्तरी चढली. आज पाहाल तर रिकामी दिसते, पण दाखला खरा आहे.

अर्थ सरले, मग कुळाचा शोध निघाला. मुनशीचे कोशात इतकेच होते की शब्द फरासिसांकडून आला. म्हणोन पंत पुन्हा मुसाकडे गेले. मुसा चाळीस वर्षांमागे कवायती फौजेच्या कंपूबरोबर आला, कंपू मोडला, सोबती मेले, हा येथेच लग्न करून राहिला. भाकरी मोडून खाई, पण मराठीत कोण नर, कोण मादी, हे त्यास शेवटपर्यंत कळले नाही. तोफखान्याचे मागे चार बदके पाळिली होती, त्यांस पाणी घालीत होता. पंतांनी पुसले, "मुसा, प्लूम म्हणजे तुमच्या गावी काय?" मुसाचे हातातला गडवा तेथेच थांबला. तो म्हणाला, "पुन्हा बोल, पंताजी." पंतांनी पुन्हा म्हटले. तेव्हा म्हातारा दगडावर बसला आणि बोलू लागला की, "तीस वर्ष झाला, हा शब्द कोणी माझ्याशी बोलला नाही. आमच्या गावी प्लूम म्हणजे पीस, आणि प्लूम म्हणजे लेखणी पण. तुमचा बोरू तसा आमचा हंसाचा पीस. शाळेत लाकडाची बाक, मी चाकूने पीस कापी, नीट कापला नाही की शाई सांडी, की मास्तर मारी." आणि हाताने कापण्याची खूण करून दाखविली, ती खूण पन्नास वर्षांनीही बोटांत नीट होती. पंत म्हणाले, "आणि त्याही आधी? फरासिसांकडे कोठून आला?" मुसा म्हणाला, "आमचा पाद्री शिकवी. जुने रोमचे लोक, त्यांची बोली आता कोणत्या घरी बोलत नाहीत, फक्त देवळात. त्यांचा शब्द प्लूमा. पण पंताजी, प्लूमा म्हणजे मोठा पीस नाही, तुरा नाही. मोठ्या पिसाला त्यांचा दुसरा शब्द. प्लूमा म्हणजे ही." असे म्हणोन त्याने एक बदक धरिले आणि पोटाखाली बोट घालून शुभ्र लव वर काढून दाखविली, पिसाचे बुडाशी असते ती, पिलाचे अंगावर असते ती. आणि म्हणाला, "माझा आई थंडीत ही गोळा करी, उशीत भरी. त्या उशीवर डोके ठेवला की आवाज होत नाही. काही आवाज होत नाही, पंताजी." आणि रडू लागला, आणि बदक सुटून पळाले, आणि पंत त्याचे पाठीवर हात ठेवून बराच वेळ तेथेच बसले. घरी जाऊन त्यांनी लिहिले ते ऐसे की, मूळ शब्द रोमचा, अर्थ मऊ लव, तेथून फरासिसांकडे, तेथून टोपीकरांकडे, आणि जसजसा शब्द पुढे गेला तसतसा त्यातला मऊपणा गेला आणि दिमाख वाढला.

आता नमुना तेवढा राहिला. आणि पंतांचा जीव टांगणीस लागला तो येथेच. कावळ्याचे पीस बांधून पुडी मोहोरबंद करावी तर दाखला पुरा होतो, उत्तर लिहावे लागते, आणि तुरा विलायतेस जातो. साहेबाच्या बदलीची बातमी खोटी निघाली होती, तो आणिक दोन वर्षे राहणार होता. आणि रिवाजाची ओळ पंतांस पहिल्याच दिवशी आठवली होती, की नमुना ज्या वस्तूवरून शब्द आला तीच. तुरा पुडीत बांधिला म्हणजे त्यास मडम नेऊ शकत नाही, कंपनी सरकार नेऊ शकत नाही. पण बाईसाहेबांसही तो परत मिळत नाही, दसऱ्यासही नाही. दोन महिने ही गोष्ट पंतांचे ओठांपर्यंत येई आणि घशात परत जाई. शेवटी नवरात्र बसले, आणि ललितापंचमीचे दुपारी पंत बाईसाहेबांकडे गेले आणि पायाकडे पाहात सर्व सांगितले.

बाईसाहेब ऐकून घेत्या जाहल्या. मग म्हणाल्या, "बांधा की मग. दसऱ्यापुरता मात्र काढीत जाऊ." पंत म्हणाले, "नाही, बाईसाहेब." "वर्षातून एक दिवस, पंत." "एक घटकादेखील नाही." तेव्हा बाईसाहेबांचे डोळ्यांत राग आला आणि म्हणाल्या, "रिवाज तुमच्या हातचा. दप्तर तुमचे. एक ओळ आमच्यासाठी फिरवलीत तर आकाश कोसळेल काय? तो तळ्यावरचा दिवस तुम्ही पाहिला आहे, पंत. दुसऱ्या कोणी म्हटले असते तर आम्ही समजून घेतले असते." पंत म्हणाले, "बाईसाहेब, आपल्यासाठी जी ओळ मी फिरवीन ती उद्या साहेबासाठी फिरवावी लागेल. मग काय तोंडाने नाही म्हणू? ओळ फिरत नाही, इतकेच आपल्याजवळ उरले आहे. तोफा तर सलामीपुरत्याच." बाईसाहेब खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. तेथून तळे दिसे. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "दसऱ्याचा मुजरा होऊ द्या. मग आमच्या हाताने काढून देऊ."

दसऱ्याचे सकाळी दरबार भरला. कोणास काही सांगितले नव्हते, पण अशा गोष्टी कोणास सांगाव्या लागत नाहीत, आणि त्या दिवशी जे मुजरे जाहले ते नेहमीहून लवून जाहले, आणि तुरा वाऱ्याने हलला तेव्हा बाईसाहेबांनी डोळे मिटले. मग त्या उठल्या, पागोट्याजवळ गेल्या, आणि कोंदणासुद्धा तुरा काढून पदरात घेतला आणि पंतांपुढे धरिला. पंतांनी तो शब्दखान्यात नेला, पुडीत ठेवून गाठ दिली आणि मोहोर केली. मोहोर करताना लाख त्यांचे बोटावर पडली, त्याचा डाग पुढे जन्मभर होता. तिसरे प्रहरी साहेब आणि मडम उत्तरासाठी आले. उत्तर वाचून दाखविले की, शब्द दाखल जाहला, आणि मागितलेली वस्तू दाखल्याचा नमुना म्हणोन दप्तरी चढली, सबब राज्याबाहेर जाऊ शकत नाही. साहेब तांबडा जाहला, आणि मग घड्याळाचा जुना दाखला दाखविला तो वाचून विचारात पडला. टोपीकरांत एक गुण आहे तो लिहिलाच पाहिजे, कागदावर चढले ते चढले, हे त्यांस कळते. मडम मात्र म्हणाली, "निदान अर्थ तरी ऐकू द्या." तो तिचा हक्क होता. सगळी शब्दखान्याचे उंबऱ्यावर गेली, बाईसाहेबही गेल्या, आणि तेथे पंतांनी पुडी सोडिली आणि दाखला वाचिला, तुरा, धूर, फुगणे, उपटणे, लेखणी, उशी. आणि शेवटी नमुना कोठला ही ओळ असते तीही वाचिली, तळे, मार्गशीर्ष, चिखल, "आता कसा दिसतो", आणि पंधरा वर्षांच्या एका मुलीस हसता हसता ठसका लागला तो. दुभाषी सांगत गेला. मडमेने पिसाकडे हात केला होता तो तसाच मागे घेतला. तिने बाईसाहेबांकडे पाहिले, आणि बाईसाहेबांनी तिजकडे, आणि त्या दोघींत काय बोलणे जाहले ते दुभाष्यास सांगता आले नाही कारण शब्द एकही नव्हता. मडमेने पुन्हा त्या पिसाचे नाव काढिले नाही.

पुढील दसऱ्यास गादीवर पागोटे होते, तुरा नव्हता. मुजरे जाहले, दरबार उठला, आणि मग बाईसाहेबांची पालखी शब्दखान्याचे दारी उतरली. पंत लगबगीने बाहेर आले. बाईसाहेब उंबऱ्यावर, जेथे रयत बसे त्या चटईवर, बसल्या आणि म्हणाल्या, "शब्दनवीस, एक शब्दाचा अर्थ पुसायचा आहे. प्लूम म्हणजे काय?" पंतांस उमगले. लगेच पुडी आणून सोडिली आणि बाईसाहेबांपुढे ठेविली आणि दाखला पहिल्या ओळीपासून वाचावयास लागले. बाईसाहेब पिसावर बोट फिरवीत ऐकत होत्या. दुसरे वर्षी आल्या, तिसरे वर्षी आल्या. पंत वाचण्याचा वेग दर वर्षी कमी करीत. दोन घटकांचा दाखला पाच घटकांचा जाहला, आणि मुसा जिवंत होता तोवर तोही येऊन भिंतीशी बसे आणि उशीची ओळ आली की मान हलवी. रिवाजात सावकाश वाचू नये असे कोठे लिहिले नाही.

सातवे वर्षी बाईसाहेब आजारी पडल्या. दसऱ्यास पालखी आली नाही. पंत संध्याकाळपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिले. मग आत गेले, पुडी सोडिली. पिसाचे बुडाची लव सुटून कागदात पडली होती, चिमूटभर. पंतांनी ती उचलिली, आणि उंबऱ्यापाशी येऊन थांबले. सत्तेचाळीस वर्षांत तो उंबरा ओलांडून एक वस्तू बाहेर गेली नव्हती. मग ओलांडला. बाईसाहेबांच्या बिछान्याशी गेले तो त्यांस बोलण्याचे त्राण नव्हते, पण पंतांस पाहून ओठ हलविले, आणि पंतांस कळले की रिवाजाप्रमाणे पुसणे चालले आहे. पंत म्हणाले, "दाखला मोठा आहे, बाईसाहेब. आज मुळाचा अर्थ तेवढा सांगतो." आणि ती लव त्यांचे तळहातावर ठेविली. बाईसाहेबांनी बोटे मिटली, आणि चेहऱ्यावर हसू आले, आणि बारीकसा ठसका लागला. दुसरे दिवशी सकाळी त्या गेल्या. मूठ कोणी उघडली नाही.

राज्य पुढे खालसा जाहले, जसे व्हायचे होते तसे. पंतांस कोणी काही पुसले नाही, तरी बाईसाहेबांचे तेराव्यानंतर त्यांनी दप्तर उघडून प्लूम शब्दाचे खाली शेवटली ओळ लिहिली, ती खरी म्हणोन येथे उतरून घेतली: "नमुन्यापैकी बुडाची लव कमी आहे. नेणार शब्दनवीस निंबाजी रंगनाथ, रिवाज मोडून. कारण, अर्थ पुसणाराचे उंबऱ्यापर्यंत येणे होईना." हकीकत पुरी जाहली. पुसणारा आला तर वाचावी, मधली ओळ गाळू नये.